आवाज नसलेली गाडी

५ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा एक ई-रिक्षा मागून येऊन कोपराला घासून गेली. स्टेशनच्या गेटासमोर चहाला म्हणून रस्ता ओलांडत होतो. वळून पाहीपर्यंत हँडल पोटाशी. चालवणारा मलाच तोंड वर करून म्हणतो, "चाचा, कब से हॉर्न मार रहा हूँ!" कुठला हॉर्न आणि कसला हॉर्न. त्याच्या आईबापाला मधे आणलं नाही, पण त्याच्या बॅटरीचा उद्धार केला.

या गाड्यांना आवाजच नाही, हेच तर मी वर्षभर ओरडून सांगतोय. ट्रक येतो, कळतं. बुलेट येते, पाठीला कळतं. ही बया मांजरीच्या पावलांनी येते आणि वर आपल्यालाच आंधळा म्हणते. धूर नाही म्हणून कौतुक करतात सगळे. धूर दिसतो तरी बापा, माणूस बाजूला होतो.

माझे कान थोडे जड झालेत, हे खरं. डावा जास्त. उभा जन्म डिझेल ऑटोवर गेला, इंजिन बुडाखाली, होणारच. पण ट्रक ऐकू येतो म्हणजे ऐकू येतं. घरी कोणाला बोललो नाही. बोलून चालणारही नाही, कारण धंद्याचं लायसन फेब्रुवारीअखेर संपतंय आणि नव्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो, डोळ्यांचा आणि कानांचा. दाखला नाही तर लायसन नाही. लायसन नाही तर ऑटो अंगणात उभा आणि मी त्याच्या शेजारी उभा. बसस्टँडमागं एक डॉक्टर आहे, मान वर न करता सही देतो म्हणतात. बघू.

७ जानेवारी, बुधवार

थंडी कडक. सूनबाईची ई-रिक्षा आज दुपारीच दम टाकून घरी. थंडीत बॅटरी लवकर उतरते, हे विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. ज्योतीनं येताच वायर लावली आणि तोंड पाडून बसली. चार वाजता कन्याशाळेच्या पोरी आणायच्या होत्या. शेवटी मीच गेलो ऑटो घेऊन. पोरी नाकाला ओढणी लावून बसल्या. एक म्हणाली, "आजोबा, ज्योतीताई काऊन नाही आली?" माझ्या गाडीत फुकट बसून वर ही चौकशी.

खरं सांगायचं तर ज्यो.ला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. बाई चालवते म्हणून बाया बसतात, आईबाप पोरी सोपवतात. दवाखान्याच्या म्हाताऱ्या तर तिच्या नावानं थांबून राहतात, पायरी खाली आहे, गुडघा वर उचलावा लागत नाही. भाडंही आमच्यापेक्षा कमी घेते. आणि आमच्या घरची बाई? सुमनला काल बाजारात जायचं होतं. मी ऑटो काढला. म्हणते, "राहू द्या, मी ज्योतीसंग जातो. तुमच्या गाडीत कंबर हालते माही." इतकी वर्षं नाही हालली कंबर. आत्ताच हालून राहिली.

१० जानेवारी, शनिवार

लाइनीतच मीटिंग झाली. नंबर पुढं सरकला की स्टँडवर आम्ही कोणी इंजिन सुरू करत नाही, उतरून हँडल धरतो आणि ढकलतो. डिझेल वाचतं, हाताला सवय झाली आहे. तर ढकलता ढकलता आमच्या ऑटो संघटनेचे अध्यक्ष दुबेजी सगळ्यांना सांगत होते की नगरपरिषदेत वाहतुकीची सभा आहे, अठ्ठावीस तारखेला. ई-रिक्षा स्टेशनच्या गेटावर नको, मागच्या बाजूला कुठंतरी न्या, एवढीच आपली मागणी. मागं म्हणजे मालधक्क्याकडं. तिकडं कुत्रं उतरत नाही. तिकडं धाडलं की ई-रिक्षावाले आपोआप मेले, हे दुबेजींनी बोलून नाही दाखवलं, पण हसले तसंच.

मग माझ्याकडं वळले. "कापगतेभाऊ, आप सबसे सीनियर हो. बोलना आपको है. आवाजवाली बात आपसे अच्छी कोई नहीं बोलता."

हो म्हणालो. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? आणि मला पटतही होतं. अजूनही पटतं. मार्केटच्या चौकात बघा जाऊन, मधमाश्यांसारख्या ह्या गाड्या, एकीलाही नंबर नाही, लाइन नाही, जिथं हात दिसला तिथं थांबल्या. एक अँब्युलन्स अडकली होती गेल्या महिन्यात. चार जणांची गाडी, सहा भरतात.

पण त्यातली एक गाडी माझ्या अंगणात उभी राहते.

जेवताना सांगितलं. सुमनच्या हातातली पोळी तशीच राहिली. ज्यो. भाजी वाढताना काहीतरी म्हणाली, नीट समजलं नाही. ही पोरगी हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते. "काय म्हणालीस?" विचारलं तर म्हणे, "काही नाही मामाजी." नवऱ्याला, आमच्या नितेशला, रायपूरला फोन करून सांगितलं असणारच.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ वाटला, स्टँडवर सगळ्यांशी गोड. दुबेजी दोनदा म्हणाले, तयारी ठेवा.

दुपारी उड्डाणपुलावर मजा पाहिली. भरलेली ई-रिक्षा चढाला अर्ध्यात थांबली, सगळी माणसं उतरून पायी निघाली, मागं दोघं ढकलतात, आणि रिकामी गाडी पुलाच्या डोक्यावर पोचून त्यांची वाट बघत उभी. मी ऑटो दुसऱ्या गिअरवर टाकून धूर सोडत बाजूनं वर. आतली सवारी हसली, मीही हसलो.

परत येताना अंधार पडला होता. एक ई-रिक्षा समोरून आली, लाइट बंद. चार्ज वाचवतात. शेवटची फेरी निघावी म्हणून दिवा विझवून चालवतात, सगळेच करतात हे. जवळ आल्यावर पाहिलं, ज्योती नव्हती. घरी येऊन तिला विचारलं, "तू लाइट बंद ठेवतेस काय?" ती वायर लावायला वळली. मी आवाज चढवला. म्हणाली, "एखाद दिवशी ठेवतो मामाजी. आता नाही ठेवणार." खरं बोलली म्हणून राग अर्धा झाला. उरलेला अर्धा सभेत काढीन.

१७ जानेवारी, शनिवार

सुमनचा हात मोडला. उजवा, मनगट. प्लास्टर. झोपली आहे.

माझ्या हातून झालं.

१८ जानेवारी, रविवार

आज लिहितो, काल हात चालत नव्हता.

सकाळच्या रायपूरकडच्या रेल्वेची सवारी गाठायची होती. माझा ऑटो आत, ज्यो.ची ई-रिक्षा त्याच्या आडवी. ती मला वाट देण्यासाठी गाडी मागं घेत होती. अर्ध्यात नातीच्या शाळेच्या बाटलीची आठवण झाली म्हणून गाडी तशीच ठेवून आत पळाली. सुमन गाडीच्या मागं, फाटक उघडत होती. मला घाई. म्हटलं हिची वाट कोण बघतो, आपणच ढकलू मागं. स्टँडवर दिवसात पन्नासदा करतो तेच केलं. बाजूला उभा राहिलो, उजव्या हातानं हँडलची मूठ आवळली आणि जोर लावला.

बंद ऑटोची मूठ कितीही पिळा, काही होत नाही. हिची किल्ली चालू होती आणि बटण रिव्हर्सला. मूठ म्हणजे रेस. मूठ फिरली आणि गाडी माझ्या हातातून उडी मारून मागं गेली. सुमन फाटक आणि गाडीच्या मधे. ओरडली ते मात्र ऐकलं मी. पडताना हात टेकला आणि हाड गेलं. फाटक उघडं होतं म्हणून ढकलली जाऊन बाहेर पडली. लोटलेलं असतं तर काय झालं असतं, ते डोळ्यांपुढून जात नाही.

मी ज्यो.वरच ओरडलो. गाडी चालू ठेवून जाते का कोणी? अशी मुकी गाडी चालू आहे का बंद, माणसाला कळायचं कसं? शेजारच्या पटलेकाकू धावत आल्या होत्या. ज्यो. सासूला उचलता उचलता रडत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली,

"मामाजी, रिव्हर्सची टीं-टीं वाजून राहिली होती ना. मी आत होतो तरी आयकू येऊन राहिली होती मले."

पटलेकाकू म्हणाल्या, "मले तर सैपाकघरात आयकू आली. केवढ्यानं वाजते ते."

मी सुमनकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. तिलाही ऐकू आली होती.

१९ जानेवारी, सोमवार

स्टँडवर गेलो नाही. सुमनच्या केसांत तेल घातलं, जमलं नाही, हसली. जो येतो त्याला सांगते, "पाय सटकला बाई." दवाखान्यातही हेच सांगितलं. मी तिला म्हणालो, खोटं कायले बोलतेस? म्हणाली, "मंग काय सांगू? तुमच्या लायसनचं काय होईन?"

म्हणजे तिला माहीत आहे. लायसन, कान, सगळं. कधीपासून, विचारायची हिंमत झाली नाही. मी समजत होतो मीच एकटा लपवून राहिलो.

२० जानेवारी, मंगळवार

पटलेकाकूंचा जावई आमच्याच लाइनीत. त्यानं सांगितलं असणार, पण अर्धवट. मी ऑटो लावायच्या आत सगळे भोवती. ई-रिक्षानं वहिनींचा हात मोडला. अंगणात उभी राहिलेली गाडी आपोआप धावली. एक म्हणाला आग पण लागते म्हणे चार्जिंगला. सगळ्यांनी खांद्यावर हात ठेवला. इतक्या प्रेमानं स्टँडवर कोणी मला चहा पाजला नव्हता.

दुबेजींनी बाजूला घेतलं. "भाऊ, दुख की बात है. लेकिन अब तो घर का केस हो गया. आप खडे होकर बस इतना बोल दो कि आवाज नहीं आई और औरत का हाथ टूट गया. बस. फिर कोई कुछ नहीं बोल सकता."

मी म्हणालो, सुनेची गाडी आहे ती.

"इसीलिए तो वजन पडेगा."

बरोबरच बोलतो तो माणूस. वाईट नाही. त्याच्या घरात तीन ऑटो आहेत आणि सवारी रोज कमी होते आहे. मी त्याच्या जागी असतो तर हेच बोललो असतो. तरी उरलेला चहा नालीत ओतून निघालो.

२२ जानेवारी, गुरुवार

दुपारी घरी कोणी नव्हतं. सुमनला ज्यो. प्लास्टर दाखवायला घेऊन गेली, तीही माझ्या ऑटोत, चुलत दिराला चालवायला बोलावून. तिची स्वतःची गाडी त्या दिवसापासून जागची हलली नाही.

मी जाऊन बसलो गाडीत. हात मुठीवर नाही, दगड लावले चाकांना. किल्ली फिरवली. काही नाही. काचेवरचा लाल दिवा लागला तेवढाच. माझ्या ऑटोत किल्ली फिरली की पायाखालची पाटी थरथरते, हँडल थरथरतं, सीट थरथरते. मी इतकी वर्षं ऑटो ऐकतच नव्हतो, हे आज लक्षात आलं. हातापायांनी चालवत होतो. गिअर कधी टाकायचा ते तळपायाला कळतं. सवारीला सांगून ठेवलंय, थांबायचं असलं की खांद्यावर थाप मारा, गर्दीत ऐकू येत नाही. गर्दीत!

बटण रिव्हर्सला केलं. काही नाही. उतरून मागं गेलो. बंपरखाली तो छोटा काळा भोंगा आहे, त्याच्याजवळ उजवा कान नेला. अगदी चिकटवला. काही नाही. मग त्यावर बोट ठेवलं.

बोटाखाली तो धडधडत होता. थांबून थांबून. टीं असेल ते. रस्त्यावरून एक बाई जात होती, तिनं वळून पाहिलं. म्हणजे वाजत होता.

किल्ली काढली आणि तिथंच पायरीवर बसलो. रडलो. कोणी नव्हतं म्हणून लिहितो.

मग एकेक आठवायला लागलं. ज्योती तोंडातल्या तोंडात बोलत नसावी. नात दारातून हाक मारते आणि मी वळत नाही म्हणून शेवटी येऊन शर्ट ओढते, मला वाटायचं लाडात येते. तो चाचा म्हणणारा हॉर्न मारत असेल. ट्रकचा जाड आवाज येतो, पातळ आवाज सगळे गेले. गेले म्हणजे मला न सांगता गेले.

आणि मी चार माणसं बसवून उड्डाणपुलावरून धूर सोडत जातो.

२४ जानेवारी, शनिवार

नितेश आला. बोलत नाही माझ्याशी, आईशी बोलतो. जेवताना एकदाच म्हणाला, "बाबा, सभेत बोलायचं ते बोला, पण ज्योतीची गाडी स्टेशनवरून हटली तर आमचं गणित बसत नाही." आमचं. आपलं नाही.

त्याला बाहेर जाऊ दिलं आणि ज्यो.ला विचारलं, समोरासमोर बसवून, तोंडाकडं बघत. तोंडाकडं पाहिलं की समजतं, हे नवीन शिकलो.

"सभेत मी काय बोलू?"

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुमच्या ऑटोवाल्यायचं म्हननं सगळंच काही खोटं नाही मामाजी. आमच्यात अर्ध्यायजवळ लायसन नाही. लाइट बंद ठेवते, मीबी ठेवला. पुलावर दमते. चौकात जाम करते. हे बोला, मी काही म्हनणार नाही. पन मालधक्क्याकडं बाई कशी उभी राहीन सांजच्या वेळी? आनि आईचा हात माह्या गाडीनं मुकाट्यानं मोडला, हे नका बोलू. ते गाडी वरडून राहिली होती."

"मग मी काय सांगू, कोणाले आयकू नाही आली?"

तिनं उठून दिवा लावला.

तिला माझ्यावर ओरडायचा हक्क होता. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२७ जानेवारी, मंगळवार

बसस्टँडमागच्या त्या डॉक्टरकडं गेलो. रांग होती, सगळे माझ्यासारखेच. माझ्यापुढं एक ट्रकवाला, कोहमाऱ्याचा, त्याच्या एका डोळ्यात सरळ पांढरं दिसत होतं. आत गेला आणि लगेच दाखल्यावरची ओली सही फुंकत बाहेर आला. सडक अर्जुनीला माझा भाऊ राहतो, त्याच्या घरावरून रोज हा रात्रंदिवस ट्रक नेणार.

माझा नंबर आला. उठलो नाही. मागच्याला म्हटलं तू जा. पुन्हा आला, पुन्हा मागच्याला. शेवटी कंपाउंडर काहीतरी म्हणाला, तेही नीट आलं नाही, आणि मी निघून आलो. प्रामाणिक झालो असं नाही. उद्या सभेनंतर घेऊ, आज मन नाही, असंच मनात होतं. अजून आहे.

दुबेजींचा फोन तीनदा. सुमननं उचलला, मला ओरडून सांगितलं, "उद्या अकराले. सफेद शर्ट घाला म्हंते."

शर्ट तिनं एका हातानं इस्त्री केला. मी करतो म्हटलं तर दिला नाही.

२८ जानेवारी, बुधवार

झालं.

हॉल भरलेला. एका बाजूला आम्ही ऑटोवाले, दुसऱ्या बाजूला ई-रिक्षावाले, ज्योती बायांमध्ये तिसऱ्या ओळीत. मधे टेबलावर साहेब, पोलीस, परिषदेचे दोघंतिघं. पंखे बंद होते तरी मला अर्धंच कळत होतं. साहेबांच्या ओठांकडं बघत बसलो. एक मास्तर बोलले, पोरांना शाळेत न्यायला ई-रिक्षाच बरी, धूर नाही, हळू चालते. एक दुकानदार बोलला, माझ्या दुकानापुढं दिवसभर जाम. दोघंही खरं बोलले आणि एकमेकांवर चिडले.

दुबेजींनी माझं नाव घेतलं. आमच्या बाजूनं टाळ्या. उभा राहिलो.

म्हटलं, साहेब, मी ऑटोवाला आहे. ई-रिक्षा मला आवडत नाही. आमची सवारी नेते. चौकात त्यांना लाइन नाही, लाइन लावा. सहा माणसं बसवू देऊ नका. अंधारात दिवा बंद दिसला की गाडी अडवा, माझ्या सुनेची असली तरी अडवा. पुलावर भरलेली गाडी जाऊ देऊ नका, खालच्या रस्त्यानं जाऊ द्या. लायसन बघा. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुबेजी मान हलवत होते, आता पुढचं बोला.

म्हटलं, पण मालधक्क्याकडं नका धाडू. दवाखान्याच्या म्हाताऱ्या तिथंवर चालत जाणार नाहीत. शाळेच्या पोरी जाणार नाहीत. गेटावरच त्यांची वेगळी लाइन द्या, आमची वेगळी.

टाळ्या बंद. दुबेजी अर्धे उठले. "भाऊ, भाभी का हाथ! वो बताओ!"

तिथं थांबलो. ज्योतीकडं नाही पाहिलं, पाहिलं असतं तर बसलो असतो. म्हटलं, माझ्या बायकोचा हात माझ्या हातानं मोडला. गाडी चालू होती, मी बंद ऑटोसारखी ढकलली. त्या गाडीला आवाज होता. रिव्हर्सचा भोंगा वाजत होता, सगळ्या गल्लीला ऐकू आला. मला नाही आला.

हॉलमध्ये कोणी काही बोलत असेल तर मला कळलं नाही. सगळ्यांची तोंडं बंद दिसली.

साहेबांनी चष्मा काढला. हळू बोलले, पण ओठ नीट दिसले. "तुम्ही ऑटो चालवता ना?"

हो म्हणालो आणि बसलो.

२९ जानेवारी, गुरुवार

निर्णय नाही. पुढच्या सभेत म्हणे. पोलिसांनी माझं नाव, लायसनचा नंबर लिहून घेतला आणि सरकारी दवाखान्यातून कानाचा दाखला आणा म्हणाले. तोवर ऑटो काढू नका. म्हणजे त्या बसस्टँडमागच्या डॉक्टरचा रस्ताही बंद. मीच केला.

स्टँडवर तरी गेलो, पायी. माझ्या जागी दुसरा ऑटो लागलेला. कोणी शिव्या नाही दिल्या, त्याचंच जास्त लागलं. दुबेजी आले, बाजूला उभे राहिले. मग माझ्यासमोर येऊन, तोंड माझ्या तोंडापुढं आणून म्हणाले, "गद्दारी कर दी भाऊ." आणि लगेच, "मेरा भी एक कान गया है. बोलना मत किसी को."

हसावं का रडावं कळेना. इंजिन सगळ्यांच्याच बुडाखाली.

घरी सुमन रागावली. एवढ्या लोकांत सांगायची काय गरज होती, म्हणे. मी साऱ्यायले पाय सटकला म्हणून सांगत राहिलो ते कायले मग, तुमचं लायसन वाचवायले ना? तिच्या रागात दम आहे. ऑटो अंगणात उभा आहे आणि मी त्याच्या शेजारी उभा आहे, जसं भ्यायलो होतो तसंच.

ज्यो.नं गाडी बाहेर काढली आज. जाताना मागं वळून बघितलं, हात केला. भोंगा वाजला असेल.

२ फेब्रुवारी, सोमवार

स्टेशन गच्च. कचारगडच्या जत्रेची माणसं, पिवळे झेंडे, सालेकसाच्या गाडीला पाय ठेवायला जागा नाही. सकाळपासून ज्योती भरून सवाऱ्या नेऊन राहिली. दुपारची फेरी सोडून मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मागच्या सीटवर बसलो, पहिल्यांदाच. कंबर हलत नाही, हे मान्य.

कानाची तपासणी एका लहान खोलीत, जाड दार, मधे काच. डोक्यावर हेडफोन घातला. तपासणारी बाई काचेपलीकडं, मशीनसमोर. हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, आला नाही की नाही दाबायचं. एवढंच. दार लावलं.

वाट पाहत राहिलो. सुरू झालं की नाही, कळायला मार्ग नाही. मग पाहिलं की त्या बाईचा हात काचेतून दिसतो. ती चकती थोडी फिरवते, थांबते, बोट टेकते. पुन्हा फिरवते, थांबते, बोट टेकते. बोट टेकते तेव्हा आवाज सोडत असणार. इतकी वर्षं समोरच्याचा हात बघून गाडी काढली आहे, हे ओळखायला मला वेळ नाही लागला. तिच्या बोटाबरोबर बटण दाबत गेलो असतो तर लायसन खिशात होतं. एकदा दाबलंही. तिनं समाधानानं काहीतरी लिहिलं.

तिच्या मागं ज्योती उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. सकाळी माझ्या शर्टाचं बटण तिनंच लावून दिलं होतं.

मी डोळे मिटले.

मग खूप वेळ अंधार, आणि हातात ते बटण. काही आलं तर दाबीन म्हणून अंगठा तयार ठेवला होता. एक-दोनदा आलं असं वाटलं, दाबलं. बाकी काही नाही.

दाखला गुरुवारी मिळेल.